चौकटीखालून

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि तुम्ही गणपतीच्या भिंतीसमोर रंग खरवडायची पत्री घेऊन उभे आहात.

साल २०२५. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. हातात सहा दिवस. रंगारी सोमवारपासून आलेला नाही. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पंचक्रोशीतली पाच घरं त्याने एकदम घेतलीत आणि पाचही घरांना रंग २६च्या आत हवा आहे. त्याचा घोडा माजघरात आडवा पडलाय. फ्रिज पडवीत, वर जुनी चादर. देव तात्पुरते ओटीवरच्या कपाटात. लेकीची घटक चाचणी उद्यापासून, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी सिमेंटच्या धुळीत बसून नकाशा भरते आहे. आई मोदकपात्राचं झाकण शोधते आहे. ते रंगाच्या डब्यावर आहे हे तिला सांगायचा धीर तुम्हाला अजून झालेला नाही. मघाशी मुंबईहून चुलतभावाचा फोन येऊन गेला : "आम्ही अकरा जण येतोय. न्हाणीघराचं काम झालं ना?"

पाट तेवढा घरात नाही. तो नागपंचमीलाच कारखान्यात पोचला. कोकणात गणपतीच्या कारखान्यात आपला पाट नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी आणायची, ही रीत. म्हणजे पाहुणा तुमच्या पाटावर आकार घेत असतो आणि इकडे घर उकिरड्यासारखं पसरलेलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात घरगुती गणपतीच लाखाच्या वर आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवाची प्रथा पाडणारे टिळक १८५६ साली जन्मले याच रत्नागिरीत, पण कोकणातला गणपती चौकात फारसा गेला नाही. तो घराघरात राहिला, आणि म्हणून दर भाद्रपदात लाखभर घरांच्या भिंतींना एकच तारीख गाठायची असते.

यंदा ती गाठणं कठीण होतं. पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला. एरवी तो जूनचा पहिला आठवडा उलटताना येतो. पावसाआधीचे ते शेवटचे दहा-बारा दिवस म्हणजे कोकणातल्या घराची खरी वेळ : कौलं शाकारायची, स्लॅबच्या भेगा भरायच्या, पत्र्याच्या शेडचे हूक आवळायचे, पडवीला झाप बांधायचे. ते दिवसच पावसाने नेले. तुमच्या भेगा तशाच राहिल्या आणि सारा जून भिंत पाणी पीत बसली.

जांभ्याचा चिरा पाणी पितोच. खाणीतून निघतो तेव्हा हत्याराने तासता येईल इतका मऊ असतो, हवेत राहून टणक होतो, पण त्याच्या अंगातली भोकं काही बुजत नाहीत. पावसात प्यालेलं पाणी त्याला सावकाश बाहेर सोडायचं असतं. दहा वर्षांपूर्वी तुम्ही त्याच्यावर लांबी भरून, घासून, गुळगुळीत महागडा रंग चढवलात. त्या चकचकीत कातडीखाली पाणी अडकलं. आता भिंतीवर तळहाताएवढे फुगे आलेत. ही चूक रंगाची नाही. दगडाला विचारलं नाही, ही चूक आहे, आणि आज कोकणातल्या निम्म्या घरांत ती दिसते.

पत्री एका फुग्याखाली घालता. पोपडा पोळीसारखा सुटून पायाशी पडतो. मागे फिकट गुलाबी रंग. डिस्टेंपर. तुम्ही त्यावर बोट टेकता.

बोटाला डिझेलचा वास येतो.

गाडी करबुड्याच्या बोगद्यात आहे. साडेसहा किलोमीटरचा अंधार, खिडकीतून गार, दमट, धुराने भरलेला वारा, आणि डब्यात कुणीतरी घोषणा देतं म्हणून सगळा डबा देतो. साल १९९८. कोकण रेल्वेचा सबंध मार्ग २६ जानेवारीला खुला झाला, त्यानंतरचा हा पहिला गणपती. तुम्ही आता डोंबिवलीला राहता, कचेरीत नोकरी करता. मांडीवर झोपलेलं पोर, सीटखाली गुलाबी डिस्टेंपरचा डबा, नळाच्या दोन तोट्या, थर्माकोलचं सुटं केलेलं मखर आणि खिशात कामांची यादी. रजा पाच दिवसांची.

एसटीने यायचात तेव्हा रात्रभर कशेडीची वळणं मोजत, हातखंब्याला उतरेपर्यंत अंगाचा चुरा व्हायचा आणि पहिला दिवस झोपण्यातच जायचा. आता गाडीने तो दिवस परत दिलाय. तुम्ही तो यादीला दिला.

घरी पोचता. दोन्ही हातांत सामान, वर रिमझिम, आणि उंबऱ्यात कपाळ चौकटीवर आपटतं. डोळ्यांपुढे काजवे. आत्या आतून धावत येते, "वाकून ये म्हणून दर वर्षी सांगायचं काय हो!" आणि पोटभर हसते. फणसाची ती चौकट सव्वापाच फुटांची. तुम्ही कपाळ चोळत यादीत एक काम वाढवता : चौकट वर घेणे.

पाच दिवसांत तुम्ही आई-वडिलांचं सबंध वर्ष दुरुस्त करायला बसता. नळ बदलता. विजेचं बटण बदलता. ओल्या भिंतीवर गुलाबी रंग ओढता, कारण वाळायला वेळ नाही. बायको म्हणते, मुलांना एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर तरी न्या. तुम्ही म्हणता, विसर्जन झाल्यावर. वडील ओटीवर झोपाळ्यावर बसलेले असतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही हातात पाना घेऊन त्यांच्यासमोरून जाता तेव्हा ते म्हणतात, "तो नळ पुढच्या खेपेला कर. बस जरा इथे."

तुम्ही "आलोच" म्हणून मागीलदारी जाता.

इथे मी तुम्हाला थांबवून धरलं असतं. बाहेरगावी राहणाऱ्या लेकरांचा जीव घरात अडकलेला असतो, आणि तो दाखवायचा कसा हे न कळून ती हातोडा उचलतात. दुरुस्ती हेच प्रेम होऊन बसतं. ते खोटं नसतं. पण झोपाळ्याची दुसरी बाजू रिकामी राहते.

पत्री पुन्हा चालते. गुलाबी रंग भुकटी होऊन गळतो आणि खाली निळसर पांढरा चुना लागतो. नीळ घातलेला. त्यातून माथ्यापासून कमरेपर्यंत एक वाकडी रेघ गेलेली, रुंद, नंतर भरलेली. रेघेत नख घालता.

नखात माती. तुमचे हात लहान आहेत.

१९६८चा श्रावण सरत आलाय. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुम्ही घरातले एकमेव पुरुषमाणूस आहात, असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. वडील मुंबईत गिरणीत. काका रत्नागिरीत शिक्षक, शनिवारी येतो. बाकी घर बायकांचं : आजी, आई, काकू, दोन चुलतबहिणी. मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि त्यावर घर चालायचं. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत, ते उगीच नव्हे.

ही भेग ११ डिसेंबरची, मागल्या वर्षीची. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेला भूकंप झाला. तुम्हाला आठवतं ते एवढंच : फळीवरची पितळेची भांडी एकामागून एक खाली आली, गोठ्यात म्हैस ओरडली आणि आजीने तुम्हाला गोधडीसकट उचलून खळ्यात आणून ठेवलं. घाटावर कोयनानगरात माणसं गेली, घरं बसली. तुमचं घर उभं राहिलं. फक्त गणपतीच्या भिंतीत ही रेघ उमटली.

वडिलांनी कौलांसाठी पैसे पाठवले होते. फाल्गुनात ते आजीने भिंतीला लावले. गवंडी आला, दोन चिरे काढून नवे बसवले, चुना-वाळू भरली. त्यामुळे पुढच्या पाखावर मंगळुरी कौलं आणि मागच्या पाखावर जुने नळे, असं घर राहिलं. मंगळुरी कौलं बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढायला सुरुवात केली. खाचेत खाच बसते, म्हणून जागची हलत नाहीत. नळे नुसतेच एकमेकांवर पालथे-उताणे टेकलेले. माकडांच्या एका उडीत शंभर हलतात.

आज दुपारी ती उडी पडली आहे. चतुर्थीला चार दिवस. पाऊस कोसळतोय आणि गळती नेमकी कुठे लागली असेल? जिथे पाट मांडायचा, तिथेच. आई तिथे पातेलं ठेवते. टप, टप, टप. काकू दुसरं ठेवते. आजी वर बघते, मग तुमच्याकडे बघते.

"चढशील ना?"

शिडीवरून माळ्यावर. माळ्यावर अंधार, सुक्या गवताचा आणि उंदरांचा वास, भाताच्या बियाण्याच्या कणग्या. वाशांवर पाय देत सरकता. रिपांच्या फटीतून करडा उजेड येतो आणि त्या उजेडात पाण्याची चमकती तार दिसते. हातातल्या बांबूच्या काठीने नळा हळूच वर उचलायचा, दुसऱ्या हाताने पोफळीची विरी त्याच्याखाली सारायची, उताराच्या दिशेने, म्हणजे पाणी तिच्यावरून पुढच्या नळ्यात उतरेल. आजी खालून सांगते, "ढकलू नको. उचल. उचलून सोड." पहिल्या खेपेला पाणी बाहीत शिरून बगलेपर्यंत जातं. दुसऱ्या खेपेला विरी मुडपते. तिसऱ्या खेपेला ती बसते आणि तार तुटते. खालचं टप-टप थांबलं, हे ऐकू येतं. तो थांबलेला आवाज तुमच्या आयुष्यातला पहिला पगार. त्या दिवशी आई तुम्हाला गुळाचा मोठा खडा देते, बहिणींच्या दुप्पट, आणि बहिणी काही बोलत नाहीत.

मग दोन दिवस धावपळ. सड्यावरून तेरडा. वईवरची लाल कवंडळं, हात ओरबाडून घेत. आंबाड्यांचा घोस, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळे, नारळ. तुमच्याकडे त्याला मंडपी म्हणतात, खाली सिंधुदुर्गाकडे माटवी, गोव्यात माटोळी. पाऊस जे जे पिकवतो ते गणपतीच्या डोक्यावर टांगायचं. आणि मधेमधे चुन्याच्या पिंपात काठी फिरवायची, शेणाची घमेली उचलायची, शाळेचं गणित आजीच्या पाठीमागे लपवायचं.

वडील येतात ते चतुर्थीच्या दोन दिवस आधी, चिंब, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत रंगीत कागद, मोठ्या गॅसबत्तीच्या जाळ्या, आईसाठी लुगडं. काकाही येतो. संध्याकाळी दोघा भावांचं वाजतं. कौलांचे पैसे भिंतीला का गेले. भिंत पडली असती तर. मग मला का कळवलं नाही. तू विचारलंस का. आणि त्यातून ती चौकट : वडिलांना ती तोडून उंच करायची आहे, मुंबईत दारं कशी असतात ते सांगायचं आहे; काका म्हणतो, आजोबांच्या हातची आहे, हात लावायचा नाही. तुम्ही माजघराच्या अंधारात उभे. बहिणीने तुमचा सदरा धरून ठेवलाय.

आजी काही बोलत नाही. ती दोन काथ्याचे कुंचे चुन्यात बुडवते, एक थोरल्याच्या हातात देते, एक धाकट्याच्या.

"आधी भिंत. मग काय ते बोला."

पहिला हात दोघे पाठमोरे मारतात. चुना ओला असताना दिसतच नाही, भिंत उलट काळवंडते. दुसऱ्या हाताला काका विचारतो, गिरणीत नवीन मशिनं आली म्हणतात. वडील सांगू लागतात. मध्यरात्री गॅसबत्तीच्या सुं-सुं आवाजात दोघांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात आणि ते लहानपणीच्या कुठल्यातरी विहिरीची गोष्ट काढून हसत असतात. चौकटीचं कुणी काढत नाही. "पुढच्या गणपतीला बघू," एवढंच वडील झोपताना म्हणतात.

भाऊबंदकी मिटली नाही, हे तुम्ही मोठे झाल्यावर पाहिलंत. आज या घराच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. नावं वाढत जातात आणि कुंचा धरणारे हात कमी होत जातात. पण एका भिंतीला दोघांनी मिळून चुना फासलेली ती रात्र कुठल्याच वाटणीत निघत नाही.

निळसर चुन्याखाली आणखी चुना आहे. त्याखाली आणखी. पापुद्रे मोजता येतात, दर भाद्रपदाचा एक. पत्री बाजूला ठेवता, हे आता बोटांनीच काढायला हवं. एका पापुद्र्याखाली लाल दिसतं. हिरमुंजीचा लाल. गोलाई. एक डोळा, एक वाकडी चोच.

तुमचे हात भाजल्यासारखे चुरचुरताहेत.

१९३६. तुम्ही सोळा वर्षांच्या आहात आणि या घरात आल्याला पाच महिने झालेत. हाताला चुना लागलाय. शिंपल्यांचा चुना : भट्टीत भाजलेले शिंपले मोठ्या मडक्यात टाकून पाणी ओतलं की ते खदखदतात, वाफा येतात, आणि तीन दिवसांनी लोण्यासारखी चिकी तयार होते. तिच्यात गूळ, डिंकाचं पाणी, म्हणजे अंगाला लागणार नाही. हाताला मात्र लागतोच. सासूबाई रात्री खोबरेल गरम करून वाटी पुढे सारतात, बोलत काही नाहीत.

बोट बंद आहे. पावसाळाभर मुंबई-रत्नागिरी आगबोटी बंद असतात, मांडवीच्या बंदरात फक्त लाटा. ज्याला मुंबईहून यायचंच आहे त्याने रेल्वेने कोल्हापूर गाठायचं, तिथून मोटारीने आंबा घाट उतरायचा. एवढा वळसा आणि एवढं भाडं किती जणांना परवडतं? "जमल्यास येतो," असं घरधन्याचं पत्र आहे. ते तुम्ही दोनदा वाचलंत, एकदा सासूबाईंना वाचून दाखवलंत.

घर पाहुण्यासाठी तयार करायचं म्हणजे काय, ते अंगावर घेऊन बघा. पहाटे चारला उठायचं. गोठ्यातलं शेण. विहिरीचं पाणी, चिखलाच्या पायवाटेवरून, सोळा खेपा. जमीन पावसाने नरम पडून उखडलेली. लाल माती टाकायची, चोपण्याने चोपायची, मग सारवायची. ओटी, माजघर, देवखोली, स्वयंपाकघर. उकिडवं बसून, मागे मागे सरकत, हाताचे अर्धगोल एकात एक बसवत. हवा ओली, सारवण वाळत नाही. वाळायला म्हणून शेगडी पेटवून खोलीत फिरवायची आणि धुराने डोळे सुजवून घ्यायचे. त्यात रोजचा स्वयंपाक आहेच, दिराचा ताप आहे, सासऱ्यांचं पथ्य आहे. रात्री दोन वाजता पाठ टेकता तेव्हा जमिनीला शेणामातीचा थंड, गोड वास येतो आणि कंबर आपली वाटत नाही.

ती सारवलेली जमीन किती सुंदर होती, असं आज आपण म्हणतो. होतीच. पण जी ते म्हणते आहे तिला सारवावं लागलेलं नसतं. या घरात पुढे शहाबादी फरशी आली तेव्हा या बाईने, म्हणजे तुम्हीच, चाळिशी ओलांडल्यावर, त्या फरशीवर हात फिरवून डोळे पुसले होते.

सासरे ओटीवर बसून फणसाच्या फळीला रंधा मारताहेत. गवंडी आणि थोडे सुतारही. तरुणपणी त्यांनी थिबा राजाच्या राजवाड्यावर चिरे बसवले. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि स्वतःचा म्हणून वाडा मिळाला तो १९१०मध्ये. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्यात. १९१६ला तिथेच तो वारला. "एवढा वाडा," सासरे म्हणतात, "आणि बाल्कनीत उभा राहून समुद्राकडे बघायचा. घर कुठे नि वाडा कुठे." हे घर त्यांनी त्यानंतर बांधलं, अंगणातला फणस पाडून. त्याची चौकट केली. चौकट बुटकी ठेवली, कारण दार मोठं तेवढा पावसाचा झोत आत. उरलेल्या फळीचा आता पाट होतोय. जुना पाट वाळवीने खाल्ला.

दुपारी खाणीवरून दोन चिरे घेऊन माणूस येतो, पायरीसाठी. तो खळ्याच्या कडेला उभा राहतो. चिरे त्याने खाणीत तोडले, त्याने डोक्यावरून आणले. उंबऱ्याच्या आत ते दुसरं कुणी घेईल. शहरात भागोजी कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ला उघडलं, सावरकरांच्या पुढाकाराने, सगळ्या हिंदूंना सारखा प्रवेश म्हणून. त्यावर गावात वाद झालेत, सासरेही बोललेत, दोन्ही बाजूंनी. आज ते रंधा थांबवून त्या माणसाकडे बघतात. मग पुन्हा रंधा चालू होतो. तुम्ही त्याला वरून, हात लांब करून, पाणी घालता. भिंतीवर चुना चढला की हे दिसत नाही. भिंत ज्यांनी उभी केली त्यांतल्या कितीजणांना ती आतून बघायला मिळाली, हे पोपड्याखाली राहतं.

त्या रात्री सासूबाई हिरमुंजीची वाटी तुमच्यासमोर ठेवतात. गणपतीच्या भिंतीवर चित्रं काढायची असतात : कमळं, वेल, मोर, दोन बाजूंना दोन पोपट. "माझे हात थरथरतात आता," त्या म्हणतात. "तू काढ."

पाच महिन्यांत या घरातली एकही वस्तू तुमच्या मनाने हललेली नाही. आता सहा हातांची कोरी, पांढरी, जरा ओली भिंत तुमची आहे. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून तुम्ही पहिली रेघ ओढता. माहेरी आई काढायची तसा पोपट, मान मागे वळवलेला, चोचीत आंब्याचं पान. सासूबाई दिवा वर धरून उभ्या. बराच वेळ बघतात.

"आमच्याकडे मान सरळ असते पोपटाची."

तुमचा हात थांबतो.

"राहू दे," त्या म्हणतात. "असाच राहू दे." आणि दिवा आणखी जवळ आणतात.

माजघरात ट्यूबलाइट आहे. लेक तुमच्या शेजारी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. नकाशा हातात तसाच. भिंतीवर हातभर जागेत तो पोपट, अर्धा, मान मागे.

"हा कुणी काढला?"

"पणजीने. म्हणजे तुझ्या खापरपणजीने."

आई उठून येते, चष्मा लावते. बाबा काठी टेकत येतात. ते दहा वर्षांचे असताना माळ्यावर चढले होते, ते. आता गुडघे वाकत नाहीत. ते भेगेवरून बोट फिरवतात, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणतात, "चुना मिळतो का बघ."

चुना मिळतो. प्लास्टिकच्या पिशवीत, हार्डवेअरच्या दुकानात, सगळ्यात मागच्या फळीवर. शनिवारी पिंपात भिजतो. रविवारी रंगारी येतो, भिंत बघतो, चुना बघतो आणि सरळ सांगतो, "यावर माझा रंग नंतर धरणार नाही हो." तुम्ही त्याला बाकीच्या खोल्या सांगता. त्यालाही बरं वाटतं, एक भिंत कमी झाली. न्हाणीघराची फरशी अर्धीच बसते. उरलेल्या अर्ध्यावर पाट ठेवून आंघोळी करायच्या, असं ठरतं. सोमवारी रात्रीच्या गाडीने चुलतभाऊ येतो, सगळे अकरा जण, आणि यादी खिशातून काढायच्या आत बाबा त्याच्या हातात कुंचा देतात. कुठे शिकले ते आता तुम्हाला ठाऊक आहे. त्याची मुलं मोबाइलवर चित्रण करतात, मग चुन्यात हात घालतात, मग आई ओरडते, मग खोबरेलाची बाटली येते. पोपटाभोवती कुणी कुंचा नेत नाही. दुसरा पोपट लेक काढते, समोरच्या बाजूला, मान सरळ ठेवून, कारण तिला तसाच येतो.

चौकटीचा अंदाज गवंड्याने श्रावणातच दिला होता : वरचा चिरा काढून, तुळई टाकून, आठ दिवस. तुम्ही बाबांकडे बघता. "पुढच्या गणपतीला बघू," ते म्हणतात.

मंगळवारी रात्रभर पंखा भिंतीकडे तोंड करून चालू आहे. पहाटे भिंत पांढरी पडलीय. खालचा एक हात अजून करडा आहे, तो मखराच्या मागे जाईल. भटजींनी साडेआठची वेळ दिलीय. त्याआधी त्यांना सात घरं आहेत.

कारखान्यात दिव्यांची आणि माणसांची दाटी, ओल्या रंगाचा वास. मूर्तिकार तुमचा पाट नाव न वाचता ओळखतो. "तुमचा सव्वा फुटी. तुमच्याकडे मोठा नेता येत नाही." पाटावर मूर्ती, मूर्तीवर कापड, आणि हा सगळा भार तुमच्या डोक्यावर. पावसाने जरा दम धरलाय. मागे लेकीची झांज, तिच्या मागे चुलतभावंडं, शेताच्या बांधावरून एक रांग.

खळ्यात आल्यावर आई पायांवर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. तुम्ही पाट डोक्यावरून उतरवून छातीशी धरता. समोर फणसाची चौकट, काळी, पावसाने फुगलेली, मधोमध लक्षावधी वेळा हात टेकून गुळगुळीत झालेली.

"वाक," आई म्हणते.

"वाक, वाक," मागून सगळे.

तुम्ही गुडघे वाकवता, मान खाली घालता. पाट आधी आत जातो.